मजल, मंझिल आणि थकलेले पाय

आठवीच्या वर्गात इंग्रजीचा एक उतारा चालला होता. त्यात ‘ट्रज’ हे क्रियापद आले. उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचा म्हणजे आधी उर्दूत सांगावा लागतो, तो जड गेला तर घरच्या दखनीत, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर मराठीत. गाइडमध्ये ‘थके हुए कदमों से चलना’ असे दिले होते. आम्ही तेच फळ्यावर लिहिले. मुलांनी उतरवून घेतले. तेवढ्यात मागच्या बाकावरची, रोज खेड्यातून येणारी एक मुलगी म्हणाली, “सर, पानी के खेपां करते वैसा?” वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. गाइडपेक्षा तिचा अर्थ जास्त बरोबर होता, आणि तो का बरोबर होता हे त्या वेळी आम्हाला सांगता आले नाही. तेव्हापासून हा शब्द डोक्यात राहिला आहे.

थकून चालणे आणि ‘ट्रज’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेला माणूस झाडाखाली बसू शकतो, पाणी मागू शकतो, उद्या जाऊ म्हणून परत फिरू शकतो. ट्रज करणाऱ्याला ती मुभा नसते. पाय जड झालेले, वाट चिखलाची, चढाची किंवा उन्हाची, आणि तरी एकामागून एक पाऊल टाकणे भाग, असे ते चालणे. त्यात थकवा आहे तितकाच न थांबणेही आहे. ‘कष्टाने चालणे’ असे लिहिणारा कोशकार पहिला अर्धा भाग देतो आणि दुसरा सोडतो.

या शब्दाचे कुळ शोधायला गेले की हाती काही लागत नाही. सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो इंग्रजी लेखनात दिसू लागतो आणि व्युत्पत्तीच्या जागी मोठे कोश ‘मूळ अज्ञात’ असे लिहून मोकळे होतात. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तो भेटतो तो मालकाच्या तोंडी. घरच्या मेजवानीची आमंत्रणे गावभर पोहोचवायला मालक नोकराला पिटाळतो तेव्हा हे क्रियापद वापरतो. गंमत अशी की त्या नोकराला वाचता येत नाही. हातात नावांची यादी आहे आणि ती वाचून दाखवायला रस्त्यात माणूस शोधावा लागतो. मालक जातो तेव्हा वेगळे क्रियापद, नोकराला धाडायचे तेव्हा हे. त्याच शतकात आलेले ‘प्लॉड’ आणि ‘ट्रेप्स’ हे दोन शब्दही असेच. पहिला पावलांच्या आवाजावरून आला असावा असे म्हणतात, दुसऱ्याचे मूळ ठाऊक नाही. जड पायांचे असे शब्द पुष्कळदा बेवारस निघतात. आमचा तर्क असा की ज्यांच्या तोंडी ते होते त्यांच्या हातात लेखणी नव्हती. लिहिणाऱ्यांच्या कानावर ते पडले तोवर शंभर-दोनशे वर्षे गेलेली असणार.

याउलट प्रवासाचे प्रतिष्ठित शब्द घ्या. ‘जर्नी’ फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ एका दिवसाचे काम किंवा एका दिवसाची वाट. ‘ट्रॅव्हल’ म्हणजे आधी ‘ट्रॅव्हेल’, अर्थात काबाडकष्ट. त्याचे मूळ लॅटिनमधल्या तीन खुंटांच्या एका छळयंत्राच्या नावापर्यंत नेतात. आज विमानतळावर चाकांची पेटी ओढणाऱ्याला हे सांगितले तर पटायचे नाही. तिसरा शब्द ‘सॉन्टर’, म्हणजे रमतगमत चालणे. थोरोने १८६२ साली छापल्या गेलेल्या ‘वॉकिंग’ या निबंधात त्याचा संबंध फ्रेंचमधल्या पवित्र भूमीच्या नावाशी, तिकडे निघालेल्या यात्रेकरूंशी जोडला. गोष्ट सुंदर आहे, पण कोशकार ती मानत नाहीत. व्युत्पत्तीच्या मागे लागलेल्याने ही गोष्ट खिशात ठेवावी, कारण आपल्याकडेही असे मोह पावलोपावली आहेत. ‘वणवण’ ऐकले की लगेच वन आठवते आणि वनवासाची कथा रचावीशी वाटते. पण भणभण, फणफण, कणकण असे नादाचे कितीतरी शब्द मराठीत आहेत. वणवण त्यांच्याच पंगतीत बसू शकतो, तेव्हा वनाची कथा आम्ही सांगत नाही.

आता मराठीकडे वळू. मराठीत ‘ट्रज’ला एक शब्द नाही, आणि ही उणीव आहे असे आम्हाला आधी वाटत असे. मग त्या मुलीची खेप आठवली आणि आम्ही एकेक शब्द लिहून काढू लागलो. खेप: ओझे घेऊन केलेली फेरी, पाण्याची, शेणखताची, विटांची. हेलपाटा: जाऊन काम झाले नाही ती फेरी. खेटे: त्याच दारात पुनःपुन्हा जाणे. वणवण: काही तरी शोधत, बहुधा पाणी, काम किंवा चारा शोधत फिरणे. पायपीट: अंतर जास्त आणि वाहन नाही. तंगडतोड: उगीच दूर पडलेले ते चालणे, म्हणताना थोडा राग असतो. रखडपट्टी: दुसऱ्याच्या दिरंगाईपायी झालेले हाल. फरफट: ज्यात चालणाऱ्याची इच्छाच नाही, कोणी तरी ओढते आहे. उंबरे झिजवणे, चपला झिजवणे हे वाक्प्रचार वेगळेच.

हे शब्द शेजारी शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. इंग्रजी क्रियापद पाय कसे पडत आहेत ते सांगते. मराठी शब्द ते पाय कशासाठी निघाले आणि काम झाले की नाही ते सांगतो. इंग्रजी लेखक लांबून माणसाची चाल बघतो आहे; मराठी बोलणारी बाई घरात आलेल्याला विचारते आहे, “झालं का काम?” आमच्या जिल्ह्यात कोजागरी पौर्णिमेला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून माणसे तुळजापूरला चालत येतात. सोलापूर-तुळजापूर अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, रात्रभर रस्ता वाहत असतो. पाय सुजतात, फोड येतात, कोणी लंगडत असतो. पण त्याला कोणी पायपीट म्हणत नाही, ते म्हणतात ‘चालत चाललोय’. तोच माणूस दुसऱ्या दिवशी तहसीलला दाखल्यासाठी दोन किलोमीटर चालला तर हेलपाटा झाला म्हणतो. (तहसील अरबी, दाखला अरबी, हेलपाटे तेवढे आपले.) म्हणून आमच्या विद्यार्थिनीने थकवा सांगितला नाही, काम सांगितले. तिने ‘ट्रज’चे भाषांतर मराठीच्या पद्धतीने केले होते, दखनीत बोलून.

वर्तमानपत्रांनी यातल्या ‘पायपीट’ या शब्दाची मात्र दशा केली आहे. बसथांबा शंभर पावले पुढे सरकला तरी ‘प्रवाशांची पायपीट’, मैलभर पाणी आणावे लागले तरी ‘महिलांची पायपीट’. एकाच मापाने दोन्ही मोजली की मापच बिघडते. कवितेत हा शब्द वापरणाऱ्याने आधी तो बातमीतून सोडवून घ्यावा लागतो.

उर्दूत वेगळा प्रकार आहे. आमचे शिक्षण उर्दूतून झाले, तेव्हा या भाषेविषयी बोलताना हात थोडा थरथरतो, पण बोलले पाहिजे. उर्दू शायरीत थकल्या पायांची मोठी परंपरा आहे. पायाला फोड आलेला तो आबलापा. वाळवंट तुडवणे म्हणजे सहरानवर्दी. दरबदरी, खानाबदोशी, खाक छानना हे शब्द तर सगळ्यांच्या तोंडी आहेत. या चालण्याचा मूळपुरुष मजनू. त्याला कोणी धाडलेले नाही, त्याच्या डोक्यावर हंडा नाही, संध्याकाळच्या आत परतायचे नाही. त्याचे फोड हे त्याचे दागिने आहेत. या परंपरेत अप्रतिम काव्य झाले हे कोण नाकारील? पण वाळवंटातला आशिक आणि टँकरच्या मागे धावणारी बाई एका शब्दात मावत नाहीत. बोलीतल्या उर्दूला हे ठाऊक आहे. मारे मारे फिरना, जूतियाँ चटखाना यांत मजनू नाही, बेकार तरुण आहे. ‘सई-ए-लाहासिल’ ही जोडणी तर हेलपाट्याच्या अगदी जवळ येते, फक्त ती बैठकीत बसून उच्चारावी लागते.

आता या दोन्ही भाषांच्या सांध्यावर उभा असलेला आमचा आवडता शब्द: मजल.

अरबीत नून-झे-लाम या धातूचा अर्थ उतरणे. वाटसरू जिथे उंटावरून उतरतो ती जागा मंझिल. एका दिवसाची वाट संपली की मंझिल आली. यातून दोन अर्थ फुटणारच होते, उतरण्याची जागा आणि दोन जागांमधली वाट. उर्दूने आज मुख्यतः पहिला अर्थ धरला, आणि तो शेवटच्या जागेपर्यंत ताणला. मंझिल म्हणजे गंतव्य, ध्येय, जिथे पोहोचल्यावर सगळे मिळते ते. मराठीने दुसरा धरला. मजल म्हणजे चालणे. एका दिवसात पायांनी कापलेले अंतर. ‘मजल दरमजल करीत’ फौज येते, म्हणजे अजून येतेच आहे. पेशवाईतल्या बखरी आणि पत्रे कूच, मुक्काम आणि मजल या तीन शब्दांवाचून चालत नाहीत. डॉ. यू. म. पठाण यांनी बखरींतल्या फारसीचा अभ्यास केला आणि बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावावर उर्दूत पुस्तक लिहिले. दोघांचे कामाचे दिवस औरंगाबादशी जोडलेले, म्हणजे आमच्या मराठवाड्यातले. एकाने मराठीतून पाहिले, दुसऱ्याने उर्दूतून. आम्हाला वाटते त्या दोन खिडक्यांतून दिसणारे अंगण एकच आहे आणि त्या अंगणात आमची मुले खेळतात.

मजलचा जुना अर्थ उर्दूत मेला असे मात्र म्हणता येणार नाही. कुरआन शरीफच्या सात मंझिला आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. सात दिवसांत खत्म करणाऱ्यासाठी केलेले ते सात भाग, रोजची एक मंझिल. इथे मंझिल म्हणजे शेवट नव्हे, दिवसाची वाटचाल. म्हणजे रोज सकाळी तिलावत करणारी आमची वडीलधारी माणसे या शब्दाचा मराठी अर्थ जगत होती असे म्हटले तरी चालेल. सूरह यासीनमध्ये चंद्राच्या मंझिलांचा उल्लेख आहे. तोही थांबत नाही, मजल मारीत जातो. आणि घराचा मजला? तोही याच घरातला. उर्दूत दोमंझिला मकान, मराठीत दुमजली घर. जिना चढून थकलेल्या माणसाने मजला म्हणताना नकळत मूळ अर्थच उच्चारलेला असतो.

मराठीने या शब्दाला आणखी एक वळण दिले. ‘त्याची मजल शिवीगाळीपर्यंत गेली’ असे आपण म्हणतो. उर्दूत कोणाची मंझिल शिवीपर्यंत जात नाही. मंझिल उंचच असावी लागते. मजल खालीही जाते, भलतीकडेही जाते, कारण ती पायांची आहे.

असाच दुसरा शब्द हैराण. उर्दूत हैरान म्हणजे चकित. मुशायऱ्यात शेर ऐकून माणूस हैरान होतो. मराठीत हैराण म्हणजे जेरीस आलेला, थकून गेलेला. उन्हाने हैराण, चालून हैराण. उर्दू जाणणारे मित्र मराठी वाक्य ऐकून हसतात आणि म्हणतात, शब्द घेतलात पण अर्थ बिघडवलात. आम्हीही पूर्वी तसे म्हणत होतो. मग सूरह अनआमची एकाहत्तरावी आयत पाहिली. तिथे हा शब्द अशा माणसासाठी आला आहे की जो जमिनीवर वाट चुकून भटकतो आहे, आणि त्याचे सोबती त्याला सरळ वाटेकडे हाका मारत आहेत. त्या हैरानच्या पायाखाली जमीन आहे आणि वाट हरवली आहे. उर्दूने त्यातला गोंधळ ठेवला, मराठीने त्यातली दमछाक ठेवली. बिघडवले कोणी, याचा निकाल इतक्या सहज देता येणार नाही. बेजारचेही तसेच: फारसीत विटलेला, मराठीत विटलेला आणि दमलेलाही. आणि पायमल्ली पाहा. ‘पाय’ दिसतो म्हणून अस्सल मराठी वाटणारा हा शब्द फारसी पायमालवरून आला. पण तिथला ‘पाय’ तरी परका कुठे? संस्कृत पाद आणि जुन्या इराणी भाषांतला पाद हे सख्खे चुलत भाऊ. मराठी पाय एकाचा नातू, फारसी पाय दुसऱ्याचा. इंग्रजी ‘फूट’ही त्याच कुळातला. पायजमा घालून जगभर माणसे झोपतात आणि भांडण मात्र शब्द कोणाचा यावर होते.

ते भांडण जुने आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, त्याला राज्यकारभाराची कारणे होती. विसाव्या शतकातल्या भाषाशुद्धीची कारणे वेगळी होती. तारीखच्या जागी दिनांक आला, तो टिकलाही. माधव जूलियन यांचे उदाहरण आम्हाला फार बोलके वाटते. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे, १९२५ साली फारसी-मराठी कोश करणारे. आणि त्यांनीच पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली. ज्याने घराची यादी केली त्यानेच सामान बाहेर काढायचे ठरवले. तरी मजल, मुक्काम, हैराण, बेजार मराठीत आहेत तिथेच आहेत. शुद्धी कागदावरून फिरली; कागदावर न येणारे शब्द तिला सापडले नाहीत. मुक्काम तर कागदावरही राहिला. पत्त्यातल्या ‘मु. पो.’मध्ये एक अक्षर अरबी आणि एक इंग्रजी घेऊन आजही पत्रे खेड्यात पोहोचतात. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले, न्यायालयापर्यंत गेले. मजल शब्दावरून कोणी न्यायालयात गेलेला नाही.

आता आमचे गाऱ्हाणे सांगायला हरकत नाही, आणि ते आमच्याच लोकांविषयी आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण म्हणत आलो की मराठी ही आमची भाषा आहे, उसनी नाही. म्हणणे खरे आहे. पण आपल्या कविता आणि कथा वाचताना आम्हाला वारंवार असे दिसते की दुःख आले की लेखक मराठीतून उठून जातो. घर, शेत, बाजार मराठीत. आणि पाय थकले की लगेच मंझिल, कारवां, हमसफर, सहरा. बालाघाटच्या डोंगरपट्टीत वाळवंट नाही. इथे माळ आहे, मुरूम आहे, काळी चिकट माती आहे, पावसाळ्यात चपलेला शेरभर चिखल लागतो. तिथे चालणाऱ्या माणसाला सहरानवर्द म्हटले की तो कवितेतून नाहीसा होतो आणि त्याच्या जागी मजनूचे चित्र उभे राहते. दुसरा प्रकार याच्या उलट. मराठी समीक्षकाला आपले मराठीपण पटावे म्हणून काही जण ‘क्लांत पावलांनी मार्गक्रमण’ लिहितात. आमच्या बोलीत क्लांत कोणी झालेला नाही. पहिला लेखक मुसलमान दिसण्यासाठी लिहितो, दुसरा मराठी दिसण्यासाठी, आणि चालणारा दोघांनाही दिसत नाही. आम्ही स्वतः पंचविशीत पहिल्या प्रकारची पुष्कळ पाने भरली आहेत. ती कुठे छापून आली नाहीत हे बरेच झाले.

याहून वाईट खोड म्हणजे दुरुस्ती. मजल लिहिलेले असले की कोणी तरी ते मंझिल करतो, हैराणचा हैरान करतो, आणि याला शुद्ध लेखन म्हणतो. ही आपली भाषाशुद्धीच झाली, फक्त दिशा उलटी. मजल हा मंझिलचा बिघडलेला उच्चार नव्हे. तीनेकशे वर्षे मराठी मुलखात चालून त्याने स्वतःचा अर्थ कमावला आहे. तो अर्थ ज्यांनी घडवला त्यांत फौजेतले मराठे होते, पठाण होते, बाजारबुणगे होते, बैल हाकणारे होते. त्याला परत मंझिल करणे म्हणजे त्या सगळ्यांचे चालणे खोडून टाकणे.

हे इतक्या जोराने म्हणायला एक कारण आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात फौज शिरली, ती १३ तारखेला सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आमच्या जिल्ह्यातही आली. चार-पाच दिवसांत लढाई संपली. नंतर जे झाले त्याची पाहणी करायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने सर्वांत जास्त झळ पोहोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद होता. आधी रझाकारांच्या भयाने हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून चालत गेली होती, नंतर मुसलमान कुटुंबे गाव सोडून चालत निघाली. आमची दादी तेव्हा दहा वर्षांची. तिने आयुष्यभर त्या चालण्याविषयी एकच वाक्य सांगितले: “चल-चल को पैरां के तुकडे पड गए.” पुढे विचारले की ती विषय बदलायची, कोंबड्यांना दाणे टाकायला उठायची.

हे वाक्य आम्ही कित्येकदा मनात उलटेपालटे केले आहे. ‘चल-चल को’ ही दखनीची ठेवण, ‘पैरां’ हे दखनीचे अनेकवचन. आणि ‘पायांचे तुकडे पडणे’ हा सरळ मराठी वाक्प्रचार. प्रमाण उर्दूत पायांचे तुकडे पडत नाहीत, पाय फार तर टूटतात, शल होतात. दहा वर्षांच्या मुलीला जगातले सर्वांत मोठे भय सांगायचे होते तेव्हा तिने शेजारच्या मराठी बायकांचा वाक्प्रचार उचलला. कदाचित त्याच शेजारच्या, ज्या वर्षभर आधी तसेच चालून आल्या होत्या. तिच्या वाक्यात ना मंझिल आहे ना आबलापाई. हे चालणे मुस्लिम मराठी साहित्यात जेवढे यायला हवे होते तेवढे आले नाही असे आमचे मत आहे. भीती हे एक कारण असेल, पण शब्दांची अडचण हेही एक कारण आहे. मंझिल या शब्दाने ते लिहिताच येत नाही, कारण निघालेल्यांना कुठे जायचे ते माहीत नव्हते. ते मजलनेच लिहावे लागेल.

२०२० साली पुन्हा माणसे चालली. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्ग-उमरग्यावरून, डोक्यावर गाठोडी घेऊन. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून रुळाच्या कडेने चालत ते मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाले होते. त्या दिवसांत आलेल्या कविता आम्ही वाचल्या. पुष्कळ कवितांत मंझिल होती. ज्यांना ते चालणे जवळून दिसले होते त्यांनी पाय, चप्पल, भाकरी एवढेच लिहिले, आणि त्या कविता आजही वाचवतात.

एक जागा अशी आहे जिथे चालणे, शोधणे आणि पाणी हे तिन्ही आपल्यालाही एकत्र ठाऊक आहे. सफा आणि मरवा यांच्यामध्ये बीबी हाजरा यांनी तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत सात वेळा घातलेल्या फेऱ्या. हज-उमरा करणारा प्रत्येक जण आजही त्या फेऱ्या करतो. त्या चालण्याचे नाव सई. अरबीत सई म्हणजे झपाझप चालणे आणि झटणेही; उर्दूत नुसता प्रयत्न उरला, पाय गेले. मराठीत एका आईने ओसाड जागी पाण्यासाठी केलेल्या धावपळीला काय म्हणतील? वणवण म्हणतील. कोणाला हा शब्द तिथे हलका वाटेल, अदब सांभाळावी असे कोणी म्हणेल. त्यांचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घागर घेऊन निघालेल्या बाईला सईची गोष्ट सांगा, ती अर्थ विचारणार नाही. पाणी कुठे निघाले हे विचारील. पाणी धावण्याच्या वाटेवर निघाले नाही, लेकराच्या टाचेपाशी निघाले, हे ऐकून ती काय म्हणेल हे ऐकायला आम्हाला आवडेल. आपल्या कथाकारांपैकी कोणी तरी ते लिहायला हवे.

यंदा तो उतारा पुन्हा शिकवला. वर्ग नवा होता. आम्ही फळ्यावर गाइडचा अर्थ लिहिलाच नाही. खेप, हेलपाटा, वणवण आणि मजल असे चार शब्द उर्दू लिपीत लिहिले आणि यांतला कोणता जवळचा ते विचारले. हेलपाटा उर्दूत लिहिताना किती ‘हे’ लागतात यावर पाच मिनिटे गेली. मग खेप आणि हेलपाटा यांवरून मुलींत वाद जुंपला. शेवटी एकीने निकाल दिला, “पानी मिल्या तो खेप, नै मिल्या तो हेलपाटा.” मुलांच्या बाकावरून कोणी तरी विचारले, मग ट्रज कुठला?

“दोनों में ट्रजच है ना, सर,” ती म्हणाली.